ओला कचरा: पेठेत जिरवायचा की झूमवर पाठवायचा?

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या झूम प्रकल्पावर, म्हणजे महापालिकेच्या कचरा डेपोवर, कचरा पाठवणं सोपं. घंटागाडीत टाकला की आपण मोकळे. पण ओला-सुका एकत्र गेला की ढिगात हवा खेळत नाही, मिथेन तयार होतो आणि वास बावडेकरांच्या नशिबी येतो.

पेठेतच खत करायच्या खड्ड्याला मेहनत लागते. भाजीच्या देठांवर रसवंतीतली वाळलेली चिपाडं बारीक करून पसरायची, आठवड्याला सगळं वरखाली करायचं. दोनेक महिन्यांत काळंभोर, मातीच्या वासाचं खत हाताला लागतं. पावसाळ्यात वर पत्रा हवाच. मटणाची हाडं त्यात नकोत, कुत्री उकरतात. ती वेगळी बांधून घंटागाडीतच द्यावीत.

माझं मत पेठेच्या बाजूनं. तालमीच्या पोरांनी मनावर घेतलं, तर जागाही मिळते आणि माणसंही.