साडेपाच तासांचा घोळ: लेख वेळेवर सोडणारं अ‍ॅप नऊ महिने वापरल्यावर

गेल्या जुलैत वर्षाची वर्गणी भरली होती, आता मार्च संपत आलाय. जुलैत पुन्हा 2,400 रुपये भरायचे का, हे खरड छाटणीची, म्हणजे एप्रिलमधल्या छाटणीची, गडबड सुरू व्हायच्या आत ठरवायचंय, म्हणून सगळं एकदा लिहून काढते. मी तासगावच्या द्राक्षपट्ट्यातून लिहिते. बाग मामंजी आणि आमचे हे बघतात. त्यांच्या फवारणीच्या वहीवरून आणि आजूबाजूच्या प्लॉटमध्ये फिरून मी लेख तयार करते. लेख आधी लिहून ठेवायचा, तारीख-वेळ टाकायची, तो आपोआप प्रसिद्ध होणार, एवढ्यासाठी हे अ‍ॅप घेतलं. बाकी त्यात काय काय आहे त्यात मी जात नाही.

ऑक्टोबर छाटणीच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं घात केला. छाटणी झाली की डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. हे काम थांबत नाही, छाटणीनंतर लगेच एक-दोन दिवसांत उरकावं लागतं. माझा लेख त्याच्यावरच होता. काडीची जाडी बघून प्रमाण कसं ठरवायचं, हातमोजे का घालायचे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेस्ट हाताळणाऱ्यानं आदल्या दिवसापासून पुढचे काही दिवस दारूच्या थेंबालाही का शिवायचं नाही. अंगात पेस्टचा अंश असताना दारू पोटात गेली तर माणूस दवाखान्यात पोचतो. बायका-गडी आठला बागेत उतरतात, म्हणून लेख सकाळी सहाला लावला. आला साडेअकराला. तोवर वस्तीवरच्या दोन बागांची पेस्ट लावून झाली होती आणि त्यातल्या एका बागेत कुणाच्याच हातात मोजे नव्हते. कुणाला काही झालं नाही, पण ती दुपार मी विसरलेले नाही.

तक्रार केली. उत्तर रात्री अकराला आलं: अ‍ॅप काढून पुन्हा टाका. टाकलं. पुढचा लेखही साडेपाच तास उशिरा. पुन्हा लिहिलं, तर म्हणे इंटरनेट तपासा. चार वेळा हेच चाललं. शेवटी मी वहीत दोन रकाने आखले, एकात लावलेली वेळ आणि दुसऱ्यात लेख आलेली वेळ. सहाचा साडेअकराला, सातचा साडेबाराला, संध्याकाळी आठचा रात्री दीडला. फरक दर वेळी नेमका साडेपाच तासांचा. आपलं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असतं हे शाळेत शिकलेलं तेव्हा डोक्यात आलं. अ‍ॅप माझे सहा वाजले हे जागतिक वेळेचे सहा धरत होतं. सेटिंगच्या तळाशी शहरांची यादी सापडली. त्यात मुंबई शोधली, दिल्ली शोधली, दोन्ही नाहीत. भारतासाठी त्या यादीत कोलकाता निवडायचं असतं. निवडलं आणि दुसऱ्या दिवशीचा लेख सहाच्या ठोक्याला आला.

माझा राग अजून गेलेला नाही. पैसे घेताना पिन कोड विचारता, मोबाइल नंबर विचारता, मग वेळ कुठली धरायची हे पहिल्या पानावर का विचारत नाही? वाया गेलेल्या महिन्यांचे पैसे परत मागितले, तेही दिले नाहीत. हे लिहीपर्यंत मी याला पाचपैकी एक तारा देणार होते.

पण घड्याळ जुळल्यावर मला दुसरं काही शिकायला मिळालं, तेही सांगायला हवं. अ‍ॅप 'उत्तम वेळ' म्हणून मंगळवार ते गुरुवार सकाळी दहा सुचवतं. हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि तो ऑफिसात टेबलाशी बसणाऱ्यांसाठी आहे. त्यातले दहा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे धरले, तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात होतात, त्यांच्या हिवाळ्यात साडेआठ. आणि आपल्या घड्याळाचे दहा धरले तरी त्या वेळी आमचा माणूस फवारणीच्या ब्लोअरवर असतो, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून जेवणाच्या डब्याशेजारी ठेवलेला. मी दीड महिना मंगळवारी दहाला लेख सोडले. फोन यायचे ते संध्याकाळी, आणि तेही ''ताई, फवारणी करून झाली हो'' असं सांगायला.

मग लक्षात आलं की काही लेखांना मध्यरात्रीनंतर प्रश्न येतात. कोण जागं असतं म्हणून बघितलं, तर रात्रीची लाईट असलेले लोक. आमच्या फिडरला, म्हणजे वीजवाहिनीला, थ्री फेज लाईट दिवसाची आठ तास, नाहीतर रात्रीची दहा तास अशी पाळीनं फिरते. रात्रीची असली की माणूस मोटरीपाशी बसून असतो. ड्रिपचा एक कॉक बदलला की पुढचा बदलेपर्यंत तास-दोन तास हातात असतात. अख्ख्या दिवसात त्याला सलग निवांतपणा मिळतो तो तेवढाच, आणि तेव्हा तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. शेजारच्या मळ्यातल्या आबांनी तर माझ्या लेखातली 'तास-ए-गणेश' या द्राक्षाच्या जातीबद्दलची एक चूक रात्री दोनला कळवली. तेव्हापासून मी लाईटचं वेळापत्रक बघून वेळ लावते. रात्रपाळी असेल त्या दिवशी अकराला, दिवसपाळी असेल तेव्हा पहाटे साडेपाचला. डिसेंबरात आमच्याकडे सातच्या सुमाराला उजाडतं, दव वाळल्याशिवाय फवारणीला जाता येत नाही, त्यामुळे चहाबरोबर वाचायला वेळ असतो.

नोव्हेंबरात मात्र हाच आपोआपपणा अंगाशी आला. पाण्याच्या नियोजनावरचा लेख आठ दिवस आधी लावून ठेवला होता. आदल्या रात्री अवकाळी पडला, बागा ऐन फुलोऱ्यात. सकाळी लोक डाउनी आणि घडकूज या रोगांच्या धास्तीनं बागेत पळाले आणि माझा लेख त्यांना सांगत होता, पाणी किती सोडावं. मी धावत जाऊन तो काढला. त्यात अ‍ॅपची चूक नव्हती, पण रांगेतले सगळे लेख एका बटणावर थांबवायची सोय असायला हवी होती. ती नाही. एकेक उघडून थांबवावा लागतो. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे चढायला लागली की सांगलीत दुसरं कुणी काही वाचत नाही. तेव्हाही हेच बटण लागतं.

सकाळ की रात्र याच्यावर मी नऊ महिने डोकं घातलं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे छाटणीचा दिवस. बागायतदार तारीख सांगत नाही, छाटणीपासूनचे दिवस मोजतो, ''माझा बत्तिसावा दिवस चाललाय'' असं सांगतो. आगाप, म्हणजे लवकरच्या, आणि उशिरा छाटणीत दोन-दोन महिन्यांचं अंतर असतं, त्यामुळे फुलोऱ्यावरचा एक लेख तीनदा वर आणावा लागतो. सबकेनसारखा, म्हणजे खरड छाटणीनंतर शेंडा खुडून पोटकाडी घेण्याचा, विषय तर लोक वर्षानुवर्षं गुगलवर शोधून वाचतात. तिथे सकाळ-संध्याकाळ बघून काही मिळत नाही. तो एप्रिलच्या आधी तीन-चार आठवडे प्रसिद्ध झालेला बरा, म्हणजे छाटणीच्या वेळी शोधणाऱ्याला सापडतो. यंदाचा मी फेब्रुवारीच्या शेवटालाच सोडला. ही छाटणीच्या दिवसांची मोजणी अ‍ॅपमध्ये नाही. ती मामंजींच्या वहीत आहे आणि मी तिथूनच घेते.

तर आता तीन तारे. वर्षाची वर्गणी पुन्हा भरणार नाही. एप्रिल ते ऑगस्ट मी स्वतः हातानं लेख सोडू शकते. माझे हात अडकतात ते सप्टेंबर ते नोव्हेंबर, तेव्हा मीही बागेत असते. महिन्याची वर्गणी 250 आहे, तीन महिन्यांचे साडेसातशे. सप्टेंबरात तेवढेच भरेन आणि पेस्टचा लेख लावायच्या आधी यादीत कोलकाता आहे ना, ते दोनदा बघेन.