रंगाचे टवके आणि टच-अपची बाटली: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

पुणे-कोल्हापूर महामार्गावर नेहमीची ये-जा असलेल्या सातारकराच्या गाडीचे बॉनेट निष्कलंक राहणे अवघडच; त्यात कराड-मलकापूरच्या उड्डाणपुलाच्या कामावरील खडीची भर पडली आणि माझ्या राखाडी मेटॅलिक गाडीच्या पुढच्या कडेवर तांदळाएवढे टवके उडाले. सर्व्हिस सेंटरने त्यासाठी संपूर्ण बॉनेट रंगवण्याचे कोटेशन दिले आणि 'विम्यातून करून घ्या' असा सल्लाही दिला. दावा केल्यास नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विमा हप्त्यात मिळणारी सूट, जातो आणि तो सलग पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असतो, हे मात्र त्या सल्ल्यात नव्हते. तेव्हा कलर कोड (गाडीच्या नेमक्या रंगाचा क्रमांक) पाहून रंग आणि क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर) अशा दोन बाटल्यांचा टच-अप संच, म्हणजे टवके घरीच भरण्याचा संच, मागवला.

रंगाबद्दल नंतर लिहितो, कारण खरी तक्रार झाकणाला जोडलेल्या कुंचल्याची आहे. टवका दोन मिलिमीटरचा आणि कुंचला भिंतीवर पाटी रंगवायला निघाल्यासारखा! त्याने लावलेला रंग खड्ड्यात कमी आणि भोवतालच्या चांगल्या भागावर जास्त जातो. शेवटी तो बाजूला ठेवून टूथपिक घेतली. टवका आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टूथपिकच्या टोकावरचा थेंब मधोमध टेकवला की रंग आपोआप कडांपर्यंत पसरतो. वाळताना द्रावक उडून तो खाली बसतो, म्हणून एकच जाड थर देण्याऐवजी पातळ थर थांबून थांबून द्यावे लागतात. एवढे साधे काम करू शकणारी टूथपिक घरात असते. मग संचाच्या किमतीत हा कुंचला कशासाठी घातला आहे, हे मला अजून उमगलेले नाही. शिवाय काठावर रंग साचून झाकण असे चिकटते की ते पकडीनेच उघडावे लागते.

रंग वाळल्यावर उन्हात ठिपके किंचित गडद दिसले आणि मी संचाला सरळ नापास केले होते. कारखान्यात फवारलेल्या रंगातील धातूचे कण जसे बसतात तसे थेंबात बसत नाहीत, त्यामुळे मेटॅलिकमध्ये हा फरक राहणारच. साध्या पांढऱ्या गाडीला तो बराच कमी जाणवेल. क्लिअर कोट चांगला कडक झाल्यावर २००० नंबरचा वॉटर पेपर (अगदी बारीक पॉलिशपेपर) पाण्यात भिजवून अगदी हलका फिरवला आणि वर रबिंग कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) लावले, तेव्हा नखाला लागणारा उंचवटा गेला, छटा मात्र तशीच राहिली.

पावसाळ्यानंतर मात्र माझे मत बदलले. साताऱ्याचा पाऊस आणि यवतेश्वर घाटातले धुके झेलूनही भरलेल्या एकाही टवक्यात गंज दिसत नाही, तर छताच्या कडेचा जो टवका मुद्दाम तुलनेसाठी तसाच सोडला होता, त्याच्या तळाशी तांबूस कडा धरली आहे. पुढच्या बंपरवरचे टवके मी भरलेच नाहीत. प्लॅस्टिक गंजत नाही, मग बाटली तिथे का संपवावी? छताचा टवका आता आधी गंज खरवडून, प्रायमर लावून भरावा लागेल. त्यासाठी हाच रंग वापरीन, कारण बाटली अर्ध्याहून अधिक शिल्लक आहे. कुंचला मात्र कापून टाकला असून बाटलीला साधे झाकण बसवले आहे.