जुनी पेटी, "ओरिजिनल जर्मन सूर" आणि माझे ३८,५०० रुपये

जुनी पेटी (हार्मोनियम) घेणाऱ्यांनी हे वाचाच. मी घेतलेली अशी: ४२ पट्ट्या, खर्ज-नर (जाड आणि मधल्या आवाजाच्या सुरांच्या दोन ओळी), नऊ स्केलचा चेंजर (पट्ट्या सरकवून पट्टी बदलायची सोय), "ओरिजिनल ज्युबिलेट सूर", म्हणजे त्या जर्मन बनावटीच्या पितळी जिभा. २,००० टोकन, उरलेले ३६,५०० पेटी ताब्यात घेताना यूपीआयने. चौथ्या दिवशी कारागिराने सूर बसवलेली फळी बाहेर काढली. ८४ सुरांपैकी जर्मन एकही नाही. खर्जाचे ११ सूर तर तिसऱ्याच बनावटीचे, त्यांचे स्क्रूसुद्धा वेगळे.

ज्युबिलेटचा ठसा मात्र होता! पितळाची चौकट काळवंडलेली आणि अक्षरांच्या खाचा लखलखीत. जुना ठसा चौकटीबरोबरच काळा पडतो. ही अक्षरं एकेक करून हाताने ठोकलेली, दोन तर चक्क तिरकी.

कळायला हवं होतं ते तिथेच, विकणाऱ्याच्या घरी. "फळी उचलून दाखवा" म्हटल्यावर तो म्हणाला, "दादा, परवाच ट्यून केलीय, आता उघडली तर सूर हलतील." साफ खोटं. पितळी जीभ चौकटीला रिव्हेटने जखडलेली असते, चौकट फळीला स्क्रूने. फळी उचलून सूर हलत नाही. परत बसवताना स्क्रू नीट आवळले नाहीत तर हवा गळते, एवढंच. हे मला माहीत होतं, तरी मी गप्प बसलो, कारण घरात त्याची म्हातारी आई चहा घेऊन उभी होती. माणूस भिडेने फसतो, अज्ञानाने नाही.

वाजवून दाखवतानाही त्याने कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही वाजवणारा) आणि दोन्ही स्टॉप (सुरांच्या ओळीला हवा सोडणाऱ्या खुंट्या) उघडे ठेवले आणि मधल्या सप्तकाबाहेर बोट नेलं नाही. एवढ्या भरगच्च आवाजात एकटा बेसूर सूर लपतो. एकेक स्टॉप उघडून, हलक्या भात्यावर, सगळ्या ४२ पट्ट्या वाजवा. खर्जातला सूर उशिरा बोलतो का बघा. मग भाता जोरात मारा. जीभ घासून घासून पातळ झाली असेल तर सूर उतरतो. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, त्यामुळे जिभेवर दोन्हीकडे ओरखडे दिसले तर ती पेटी अनेकदा ओढूनताणून सुरात आणलेली आहे. मोबाईलच्या ट्यूनरवर मधली पांढरी सहा (म्हणजे A) ४४० हर्ट्झ दाखवते म्हणून खूश होऊ नका, एक सूर कोणीही लावून ठेवतो.

याआधी ३१,००० ची एक पेटी मी नाकारली होती. विकणाऱ्या बाईंनी स्वतःहून फळी काढून दाखवली, "पालिताण्याचे सूर आहेत", म्हणजे गुजरातचे, देशी, असं स्पष्ट सांगितलं. त्या पेटीचा आवाज मला दबलेला वाटला. वाटणारच, खोलीत गाद्या आणि पुस्तकं. या ज्युबिलेटवाल्याच्या रिकाम्या खोलीत फरशी आणि उघड्या भिंती, तिथे कुठलीही पेटी गाजते. दोन पेट्या ताडायच्या तर एकाच खोलीत, एकाच दिवशी, तोच स्टॉप, तीच पट्टी. नाहीतर दोन्हीकडे एकाच फोनवर रेकॉर्डिंग करा, फोन तेवढ्याच अंतरावर ठेवून.

आता तक्रारीचं ऐका. चौकीत सांगितलं, "वस्तू तुम्ही बघून घेतली, दिवाणी बाब आहे." खोटा ठसा मारून माल विकणं दिवाणी कसं? ४२० गेलं, पण भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आहे ना? अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले. सायबरवाले म्हणाले, व्यवहार समोरासमोर झाला, आमच्याकडे येत नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. ग्राहक आयोगाच्या दारात ऐकलं, विकणारा दुकानदार नाही. तीन आठवडे, पाच खेटे, हातात एक शिक्का मारलेला कागदही नाही.

टोकन देण्याआधी "जर्मन सूर, नसल्यास पैसे परत" हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी शब्दाला चौकीत कोणी विचारत नाही. कारागिराला सोबत न्या, त्याचे पाचशे रुपये वाचवू नका. मला सूर बदलायला १४,८०० सांगितलेत.

त्याची नवी जाहिरात परवा दिसली. शब्द तेच, फोटोत फरशी तीच, किंमत ४१,०००.