मागच्या चाकातला आवाज आणि माझे ७,५८० रुपये

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये गेली चोवीस वर्षे तयार मालाची तपासणी करणाऱ्या माणसाला सायकलच्या मागच्या चाकावरून कोणी ७,५८० रुपयांना गंडवले, हे लिहिताना शरम वाटते. घरी मी सुरुवातीला ५,००० रुपये असाच आकडा सांगितला होता. खरा आकडा आता लिहितो आहे, कारण माझ्या ओळखीच्या आणखी दोघांच्या गिअरच्या सायकली त्याच दुकानात गेल्या आणि दोघांनाही "हब गेलाय" (हब म्हणजे चाकाचा मधला तुंबा) हेच ऐकवण्यात आले.

मी अनगोळला राहतो आणि रविवारी पहाटे येळ्ळूरमार्गे राजहंसगडावर सायकलने जातो. २०२४चा पावसाळा संपता संपता सायकलच्या मागच्या बाजूने 'कट्, कट्' असा कोरडा आवाज येऊ लागला. गडाच्या चढावर उभे राहून पायडल मारताना तो हमखास यायचा, आणि उतारावर पाय थांबवले की नाहीसा व्हायचा. मग फक्त फ्रीहबमधल्या (पाय थांबवले तरी चाक फिरू देणाऱ्या हबच्या भागातल्या) खटक्यांचा नेहमीचा टिकटिकाट उरायचा. या एका निरीक्षणातच निम्मे उत्तर होते. चाकाचे बेअरिंग खराब झाले असेल, तर पाय थांबवल्यावरही ते घरघरत राहते, कारण चाक फिरतच असते. जोर दिला की येणारा आणि जोर काढला की जाणारा आवाज बहुधा दुसरीकडचा असतो: पायडल, क्रँक, कॅसेटची (मागच्या दातेरी चकत्यांच्या जुडग्याची) सैल झालेली लॉकरिंग, एकमेकांवर घासणारे स्पोक, चाक ज्या खाचांत बसते त्या कोरड्या पडलेल्या खाचा, किंवा मागचा डिरेल्यर (गिअर बदलणारी यंत्रणा) ज्या तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर. हे मला तेव्हाही ठाऊक होते. ठाऊक असणे आणि दुकानात उभे असताना आठवणे यांत फरक असतो, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल.

माझी सायकल एरवी शहापुरातल्या एका वयस्कर मेकॅनिकांकडे असते. त्यांना सगळे मामाच म्हणतात. दसऱ्याला ते गावी गेले होते आणि दिवाळीनंतर येणार होते. तोवर थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता. पण सुट्टीचे दिवस, हवा छान, आणि सायकल कुरकुरत असलेली मला सहन होत नाही. म्हणून रविवारी, २० ऑक्टोबरला, शहराच्या मध्यवस्तीत नव्याने निघालेल्या एका चकचकीत दुकानात गेलो. भिंतीवर पाने ओळीने लावलेले, सायकल टांगायला स्टँड, बसायला खुर्ची. मालक तिशीतला, बोलायला अतिशय गोड आणि अस्सल बेळगावी मराठीत बोलणारा. "बसा की काका, घाई कशाला?" आपल्या भाषेचा माणूस म्हणून मी तिथेच सैल पडलो, हेही कबूल करतो.

त्याने सायकल टांगली, मागचे चाक हवेत फिरवले, कान लावला आणि मान हलवली. मला काहीही ऐकू आले नव्हते. येणारच नव्हते, कारण सायकलवर वजन नव्हते आणि पायडलवर जोर नव्हता. तुमचा आवाज चढावरच येत असेल, तर टांगलेल्या चाकाला कान लावून केलेले निदान मुळीच मानू नका. त्याने तपासणीचे १८० रुपये घेतले आणि अर्ध्या तासाने फिरून या, असे सांगितले. मी भाजी घ्यायला गेलो. दुसरी चूक ही. हब उघडताना तिथून हलायचे नसते.

परत आलो तेव्हा टेबलावर एका स्टीलच्या बशीत काळ्या ग्रीसमध्ये माखलेले सात छर्रे ठेवलेले होते. पृष्ठभागावर खड्डे पडलेले, दोन तर कडेने फुटलेले. "हे बघा, तुमच्या हबातनं निघालेत. घाटात चाक लॉक झालं असतं तर?"

हाच तो क्षण. त्यावर गेले कित्येक महिने मी रात्री जागून विचार करतो आहे. माझ्या हबमध्ये सुटे छर्रे नव्हतेच. त्यात सीलबंद बेअरिंग होते, ६००० क्रमांकाचे: आतला व्यास १० मिलिमीटर, बाहेरचा २६, रुंदी ८. हे मला कुठे वाचून माहीत होते असे नाही. २०२३मध्ये मीच ते आणले होते आणि मामांच्या दुकानात त्यांच्याबरोबर उभे राहून बसवून घेतले होते. सीलबंद बेअरिंगमधले छर्रे त्याच्या कड्यांच्या आतच राहतात. बेअरिंग पार फुटून गेल्याशिवाय हब उघडल्यावर सुटे छर्रे बशीत सांडत नाहीत. ते निघतात कप आणि कोनच्या जुन्या पद्धतीच्या हबमधून, जिथे ते वाटी आणि शंकूच्या मध्ये सुटेच बसवलेले असतात. बरे, त्या बशीतले छर्रे पाव इंचाचे होते, म्हणजे सव्वासहा मिलिमीटरच्या थोडेसे वर, आणि छर्ऱ्याचे माप मला कॅलिपर न लावताही नजरेने कळते. रोज कारखान्यात दहा मायक्रॉनसाठी माल परत पाठवणारा मी त्या बशीकडे बघत राहिलो आणि डोक्यात फक्त राजहंसगडाचा उतार आणि लॉक झालेले चाक एवढेच आले. त्याने पुरावा दाखवतानाच भीती घातली, म्हणून पुरावा तपासायचे राहून गेले. माझ्या जागी दुसरा कोणीही फसला असता, असे मी स्वतःला सांगत असतो. बायकोला ते पटलेले नाही.

हब बदलायचा तर बत्तीस स्पोक सोडून चाक पुन्हा गुंफावे लागेल, त्यापेक्षा तयार चाकच स्वस्त पडेल, असे त्याने समजावले. चाक ६,४०० रुपये, मजुरी ६५०, आणि फ्रीहबमध्ये भरायच्या 'इम्पोर्टेड' ग्रीसचे ३५०, एकूण ७,४००. त्यातले ३,००० मी लगेच मोबाइलवरून पाठवले. पडद्यावर आलेले नाव त्याचे नव्हते. मी विचारले, तर म्हणाला, "मेव्हण्याचं खातं आहे." मंगळवारी संध्याकाळी उरलेले ४,४०० रोख दिले. पक्क्या बिलाचा विषय काढला, तेव्हा "मग जीएसटी लागेल, तुमचंच नुकसान" असे उत्तर मिळाले, आणि मी कर वाचवल्याच्या आनंदात गप्प बसलो. जुने चाक मागितले, तर ते भंगारवाल्याने सकाळीच नेले होते म्हणे. काढलेला भाग हातात मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका; तो भाग तुमचा असतो, दुकानाचा नव्हे.

आवाज गेला होता. म्हणूनच अकरा दिवस मी त्याचे गुण गात होतो आणि एका सहकाऱ्याला तिथे पाठवूनही बसलो. दिवाळीच्या पाडव्याला गडाच्या चढावर तोच 'कट्, कट्' पुन्हा सुरू झाला, अगदी त्याच सुरात. चाक नवे, हब नवा, आणि आवाज जुना.

मामा परतल्यावर सायकल त्यांच्याकडे नेली. त्यांनी चाक हवेत फिरवले नाही. मला सायकलवर बसवले, मागचा ब्रेक दाबून पायडलवर उभे राहायला लावले आणि स्वतः खाली वाकून एकेका जागी बोट टेकवत गेले. "चाक नाही ओ बोलत. तुमचा हँगर बोलतोय." हँगरचा स्क्रू पाऊण फेरा सैल होता, आणि त्याच्या मागे व चाकाच्या खाचांत येळ्ळूरच्या शिवारातला चिखल सुकून बसला होता. त्यांनी तो घासून काढला, स्क्रू काढून ग्रीसचे बोट लावून परत आवळला, क्विक रिलीजचा (चाक झटपट काढता-घालता येणारा) दांडा पुसून घट्ट केला. साठ रुपये घेतले. दुकानदाराने चाक बदलताना ते जरा घट्ट आवळले असणार, म्हणून अकरा दिवस शांतता होती, हेही त्यांनीच सांगितले. शिवाय एक चाचणीही सांगितली: मित्राच्या सायकलीचे मागचे चाक पाच मिनिटे आपल्या सायकलीला लावून चढावर एक फेरी मारावी. आवाज कायम राहिला, तर दोष चाकात नाही. चाकाचे माप, ब्रेकचा प्रकार आणि कॅसेटचे गिअर तेवढे सारखे हवेत. ही फुकटची चाचणी मला सुचली नव्हती.

मग मामांनी नवा हब उघडला. कप आणि कोनचा साधा हब, एका बाजूला नऊ छर्रे, दुसऱ्या बाजूला आठच. फ्रीहबमध्ये घट्ट ग्रीस कोंबलेले. खटके हलके तेल मागतात. घट्ट ग्रीसमध्ये ते चिकटून बसतात आणि थंडीत तर वेळेवर उठतच नाहीत. नोव्हेंबरातल्या एका गार पहाटे माझे पायडल अचानक रिकामे फिरले होते आणि गुडघा हँडलवर आपटला होता. ते ३५० रुपयांचे ग्रीस ते हेच.

पोलीस ठाण्याचा अनुभव सांगायलाच हवा. पहिल्या ठाण्यात सांगितले की दुकान रस्त्याच्या पलीकडे आहे, म्हणजे हद्द दुसऱ्यांची. दुसऱ्या ठाण्यात सांगितले की अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा. मी कन्नड व्यवस्थित बोलतो, कारखान्यात निम्मे सहकारी कन्नडच आहेत, पण सरकारी अर्जाचे कन्नड मला लिहिता येत नाही. कोर्टाजवळच्या लेखनिकाकडून १५० रुपये देऊन अर्ज लिहून घेतला, तोवर साहेब बंदोबस्ताला गेलेले. "नाळी बर्री." उद्या या. असे चार उद्या झाले. पाचव्या खेपेला साहेबांनी अर्ज वाचला, सायकलच्या चाकाचा विषय आहे हे कळल्यावर हसले, आणि ही दिवाणी बाब आहे म्हणून परत केला. पोच मागितली तर शिक्का दुसऱ्या खोलीत होता आणि त्या खोलीला कुलूप. परवान्याच्या कार्यालयात विचारले की दुकानाला परवाना आहे का. तिथे मलाच उलट विचारण्यात आले की तुमचा दुकानाशी संबंध काय. तीन अर्ध्या रजा यात गेल्या. भाषेला मात्र मी दोष देणार नाही. मला फसवणारा मराठी होता, आणि अर्ज उभ्या उभ्या वाचून त्यातल्या दोन चुका दुरुस्त करून देणारा एकुलता एक हवालदार कन्नड होता.

ग्राहक आयोगाची वाट मी शेवटी धरली, ती आधीच धरायला हवी होती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते; १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. अडचण पुराव्याची. बिल नाही, जुने चाक नाही, ३,००० रुपये मेव्हण्याच्या नावावर, ४,४०० रोख. दुकानदार उद्या म्हणेल की हे काका माझ्याकडे आलेच नव्हते, आणि आले असले तरी त्यांच्या हबात सुटेच छर्रे होते.

त्या दुसऱ्या मुद्द्यावर एक गोष्ट माझ्याकडे निघाली. २०२३मध्ये मामांच्या दुकानात बेअरिंग बसवताना मी हौसेने फोटो काढला होता: तळहातावर नवे सीलबंद बेअरिंग, त्यावरचा ६००० हा आकडा स्पष्ट वाचता येतो, मागे माझ्याच सायकलचे उघडलेले चाक. २० ऑक्टोबरला त्या दुकानात उभा होतो तेव्हाही हा फोटो माझ्या खिशातल्या फोनमध्येच होता. त्याची रंगीत प्रत २० रुपयांना काढून तक्रारीला जोडली आहे.