मऊ खडकातलं पाइलिंग: एजन्सी चांगली, पण मागे उभं राहावं लागतं

आमच्या साइटवर पायासाठी पाइल, म्हणजे जमिनीत खोल बोअर घेऊन त्यात ओतलेले काँक्रीटचे खांब, घालायचे होते आणि मातीखाली शेल खडक होता. मऊ, थरांचा, ऑगरपुढे (खोदायच्या मोठ्या स्क्रूपुढे) फारशी कुरकुर न करणारा. मीटरवर बिल लावणाऱ्याला असा खडक म्हणजे पर्वणीच. अडचण बोअर झाल्यावर सुरू होते: उघडा पडून पाणी लागलं की हा खडक सैल होत जातो, आणि पाइलचा बराचसा भार तर सॉकेटच्या, म्हणजे खडकात खोदलेल्या भागाच्या, भिंतीवरच असतो. त्यामुळे एजन्सी किती वेगाने खोदते यापेक्षा खोदून झाल्यावर बोअर किती वेळ रिकामा ठेवते, हे मी बघतो.

इथे या मंडळींना पैकीच्या पैकी. सुरुवातीलाच फोरमनने कोअरचा (खडकाच्या काढलेल्या नमुन्याचा) तुकडा पाण्याच्या बादलीत टाकून रिगशेजारी ठेवला. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच्या कडा ढासळलेल्या, संध्याकाळी तळाशी चपट्या कपच्या आणि राखाडी गाळ. टेस्ट रिपोर्ट माझ्या फाइलमध्ये होताच, पण पोरांना पटलं ते बादली बघून. ‘उद्या सकाळी भरू’ हे वाक्य त्यानंतर कानावर आलं नाही.

संध्याकाळ झाली की बोअर सॉकेटच्या वरच थांबवायचे. सकाळी सळ्यांचा पिंजरा स्पेसरसकट तयार, ट्रेमीचे (तळापर्यंत काँक्रीट नेणाऱ्या पाइपचे) जोड तपासलेले, प्लान्टला निरोप गेलेला, मगच सॉकेटला हात. काँक्रीट त्याच दिवशी आत. एकदा गाड्या अडकल्या आणि बोअर रात्रभर उघडा राहिला, तेव्हा त्यांनी सकाळी व्यास थोडा वाढवून भिंतीवरची मऊ झालेली साल काढली आणि तळही थोडा खाली नेला. काम अगदी बरोबर. जास्तीच्या काँक्रीटचं बिल मात्र गुपचूप आमच्या नावावर टाकलं, त्यावरून बरीच वादावादी झाली.

तळाच्या सफाईत हात आखडता. क्लीनिंग बकेट फिरवतात, टेपला बांधलेलं वजन सोडून मध्यभागी आणि कडेला खोलीही मोजतात. वजन खणकन टेकायला हवं, गादीवर ठेवल्यासारखं नको. पण पिंजरा उतरताना भिंतीला घासून कपच्या पडतात, म्हणून हीच तपासणी पिंजऱ्यानंतर पुन्हा करायची असते. ती मी समोर असलो तरच झाली. एका बोअरमध्ये दोन मोजण्यांत चांगलाच फरक निघाला आणि एअरलिफ्ट लावून गाळ काढावा लागला. ऑपरेटरचं तोंड बघण्यासारखं होतं.

भिंत खरवडण्याच्या बाबतीतही तेच. चिकणमातीचा अंश असलेल्या खडकात बकेट फिरून भिंतीवर गुळगुळीत लेप बसतो, तो बाजूला लावलेल्या दाताने ओरखडायचा. यांचा दात इतका झिजलेला की ओरखडा उठेना. दात बदलून घेतला.

ट्रेमीबद्दल तक्रार नाही. स्लम्प (काँक्रीटच्या सैलपणाचं माप) 180 मिमीच्या आसपास, पाइपचं टोक कायम काँक्रीटमध्ये दीड-दोन मीटर बुडालेलं, आणि वर आलेलं गढूळ काँक्रीट बिनबोभाट वाहू दिलं.

पुढचं काम यांनाच देईन. फक्त पिंजऱ्यानंतरची खोली नोंदवल्याशिवाय ट्रेमीत काँक्रीट ओतायचं नाही आणि उशिरामुळे वाढलेल्या बोअरचा खर्च कोणी सोसायचा, हे दोन्ही आधीच वर्क ऑर्डरमध्ये लिहून घेईन.