जुन्या ट्रॅक्टरवर पारदर्शक डिझेल पाइप आणि वॉटर सेपरेटर: पेरणीपासून उन्हाळी नांगरटीपर्यंत वापरल्यावर

ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा, विशी ओलांडलेला, मायको कंपनीच्या इनलाइन पंपाचा (सिलिंडरना दाबाने डिझेल देणारा मुख्य पंप). तक्रार अशी की मोकळा चालतो, पण रोटाव्हेटर जमिनीला लागला की आचके देतो, आणि रात्रभर उभा राहिला की सकाळी हातपंप मारल्याशिवाय चालू होत नाही. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा छोटा पंप, हातपंप याच्यावरच असतो) या टप्प्यातला जुना रबरी पाइप काढून तिथे डिझेलचा पारदर्शक पाइप आणि डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा काचेच्या वाटीचा वॉटर सेपरेटर बसवला. हंगामभर वापरल्यावरचं मत स्पष्ट आहे: अशी तक्रार असेल तर पंप खोलायला पाठवण्याआधी एवढं करावंच. जुन्या ट्रॅक्टरचा बिघाड पंपात असण्यापेक्षा पंपाच्या अलीकडे असण्याची शक्यता जास्त असते, आणि तो डोळ्यांना दिसला की निम्मं काम झालं.

आधी फुकटची तपासणी. स्टार्टर मारताना सायलेन्सरमधून अजिबात धूर येत नसेल तर डिझेल नोजलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो भाग) पोचतच नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. मग कॉम्प्रेशन, टायमिंग, नोजल बघायचे. धूर नसेल तर बंद करायची केबल पूर्ण मागे येते का ते हाताने बघा, जुन्या केबली अर्ध्यात अडकतात. ट्रॅक्टर अर्धा-पाऊण तास चालून बंद पडत असेल तर लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि ट्रॅक्टर पुन्हा चालू झाला, तर झाकणाचं भोक मातीने बुजलंय. तारेने मोकळं केलं की झालं.

टाकी भरलेली असताना ट्रॅक्टर चांगला आणि अर्ध्याखाली गेली की आचके, ही सगळ्यात फसवी खूण. वरून डिझेलचा दाब असतो तोवर सैल जोडातून हवा आत येत नाही. पातळी उतरली की फीड पंप ओढायला लागतो आणि त्याच जोडातून हवा घेतो. बाहेर थेंबही दिसत नाही, म्हणून मिस्त्रीही चकतो. पारदर्शक पाइपाचा खरा उपयोग इथे होतो. टाकी ते सेपरेटर या तुकड्यातच बुडबुडे दिसले तर टाकीचा कॉक किंवा त्याचं वायसर. तो तुकडा स्वच्छ आणि पुढच्या तुकड्यात बुडबुडे, तर सेपरेटरच्या वाटीचं रबर. दोन्ही स्वच्छ असूनही रिटर्नचं (जादा डिझेल टाकीत परत नेणाऱ्या पाइपाचं) टोक डिझेलच्या बाटलीत बुडवल्यावर बुडबुडे येत राहिले, तर फीड पंपाचा बँजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) किंवा हातपंपाचं झिजलेलं सील. बसवल्यावर पहिली काही मिनिटं बुडबुडे येणारच, त्याला घाबरू नका.

पाइप घेताना साधा पाण्याचा पीव्हीसी पाइप घेऊ नका. डिझेलमध्ये तो कडक होतो, क्लिपाखाली सैल पडतो, आणि ज्यासाठी बसवला तीच हवा आत सोडतो. डिझेलसाठीचाच घ्या, आतला व्यास मूळ पाइपाएवढा, सहसा ८ मिमी. सायलेन्सरपासून लांबून न्या. काढलेला रबरी पाइप उभा चिरून बघा: आतला थर सुटून त्याचा पडदा झालेला असेल तर लोडवर डिझेल का कमी पडत होतं ते तिथेच कळतं. फीड पंपाच्या इनलेटला बारीक जाळी असते ती विसरू नका. फिल्टर नवे टाकले आणि जाळी तशीच काळ्या चिकट गाळाने भरलेली, असं फार होतं. बँजो बोल्ट उघडला की तांब्याची वायसरं दोन्ही बाजूंची नवीच घाला.

हवा काढायचा क्रम टाकीकडून पंपाकडे. पहिल्या फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की वाहतं असतानाच घट्ट करा. मग दुसरा फिल्टर, मग पंपाच्या अंगावरचा स्क्रू. हातपंपाची मूठ शेवटी फिरवून घट्ट बसवा, नाहीतर तिथूनच हवा. तरीही चालू होत नसेल तर नोजलाकडचे पाइपांचे नट (१७ किंवा १९ चा पाना) एक-दोन आटे सैल करा, ॲक्सिलरेटर पूर्ण ओढा, स्टार्टर मारा, डिझेल आलं की आवळा. सैल पाइपासमोर हात किंवा बोट नेऊ नका. दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, तसं झालं तर ताबडतोब दवाखाना.

हे सगळं करूनही लोडवर ओढ कमी राहिली तर मुख्य पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह (जादा डिझेल रिटर्नला सोडणारा) बघा. त्यातली स्प्रिंग मेली की डिझेल पंपात दाबाने न थांबता रिटर्नने टाकीत निघून जातं. रिटर्नचा रबरी पाइप क्षणभर चिमटून ओढ परत आली तर दोष तिथलाच. त्या जागी साधा पोकळ बोल्ट घालून वेळ मारून नेणारे बरेच आहेत, ते चूक आहे.

सेपरेटरबद्दल तक्रारीही आहेत. दोन जोड वाढतात, म्हणजे हवा शिरायच्या दोन जागा वाढतात. वाटीचा नट पान्याने आवळला की काच तडकते, हातानेच आवळा. गाळ साचला की तो फीड पंपाला ओढू देत नाही, त्यामुळे वाटी धुणं चुकवून चालत नाही. पावसाळ्यात सकाळी चालू करण्याआधी खालचा स्क्रू उघडून पाणी सोडा. खाली पाणी आणि वर डिझेल, मधली रेघ स्वच्छ दिसते. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर हे पाणी बरंच कमी होतं.

रोटरी पंपाच्या ट्रॅक्टरलाही हे बसतं, पण तिथे फीड पंपाच्या जागी पडद्याचा लिफ्ट पंप असतो. त्याचा हाताचा दांडा हलूनही डिझेल येत नसेल तर इंजिन थोडं फिरवून पुन्हा मारा, कॅम (पंप ढकलणारा इंजिनातला उंचवटा) वर आलेला असतो. आणि इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली, डिपस्टिकला डिझेलचा वास आला, तर त्या पंपाचा पडदा फाटला असण्याची शक्यता आहे. ट्रॅक्टर चालवू नका, पडदा बदला आणि ऑइलही.