लिनक्सवर आवाज गेला: मदरबोर्डवरचंच साउंड कार्ड सुधारावं की यूएसबी कार्ड घ्यावं?

देवगड, मालवण, हर्णे या पट्ट्यात लिनक्सवाल्या लॅपटॉपचा आवाज बंद पडला की बहुतेक वेळा दोनांपैकी एक कारण निघतं. एक तर सिस्टिममधली मांडणी बिघडलेली असते, नाहीतर खाऱ्या हवेने जॅक खाल्लेला असतो. पहिल्यासाठी पैसे मोडायची गरज नाही. दुसऱ्यासाठी टर्मिनलसमोर रात्र जागून उपयोग नाही. म्हणून आधी निदान करा, मग खरेदी.

त्याच लॅपटॉपवर लिनक्सच्या शेजारी विंडोजही असेल तर नुसतं रीस्टार्ट न करता मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. विंडोजमधून थेट लिनक्समध्ये आल्यावर साउंड चिप कधीकधी अर्धवट अवस्थेत राहते.

आता टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'एप्ले' ही आज्ञा डॅश आणि लहान एल लावून चालवा. ती साउंड कार्डांची यादी दाखवते. यादीत मदरबोर्डवरचं कार्डच नसेल आणि सेटिंग्जमध्ये नुसतं 'डमी आउटपुट' दिसत असेल, तर संशय फर्मवेअरवर, म्हणजे चिपला लागणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरवर घ्या. इंटेलच्या गेल्या काही वर्षांतल्या, आत डिजिटल माइक असलेल्या लॅपटॉपना साउंड ओपन फर्मवेअर लागतं. लिनक्सच्या डेबियन या प्रकारात त्याचं पॅकेज 'फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड', फेडोरात 'अल्सा-एसओएफ-फर्मवेअर', आर्चमध्ये 'एसओएफ-फर्मवेअर'. ते टाकून मशीन पुन्हा सुरू केलं की बरेचदा काम होतं. साउंड ड्रायव्हरच्या मांडणीत 'डीएसपी ड्रायव्हर'चा पर्याय १ करून जुना एचडीए ड्रायव्हर लादायचा उपाय अनेक जण सुचवतात. त्याने स्पीकर बोलू लागतील, पण असा डिजिटल माइक मुका होईल. मुलांचे ऑनलाइन तास त्याच मशीनवर असतील तर या वाटेला जाऊ नका.

कार्ड यादीत आहे, तरी शांतता? मग आवाज एचडीएमआयकडे, म्हणजे टीव्ही-मॉनिटरच्या तारेकडे जातोय का ते पाहा. लिनक्समध्ये आवाजाची वाट ठरवणारी यंत्रणा पल्सऑडिओ असो वा पाइपवायर, 'पाव्हूकंट्रोल' हा प्रोग्राम दोन्हींवर चालतो. त्याच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये अॅनालॉग स्टिरिओ निवडा. नंतर टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' उघडा, एफ६ दाबून खरं कार्ड निवडा आणि ज्या पट्टीखाली 'एमएम' दिसेल तिथे एम दाबा. ती पट्टी म्यूट होती.

इथवर सगळं ठीक असेल तर जॅककडे वळा, कारण आपल्याकडची खरी गोम इथे आहे. हेडफोन घातला की स्पीकर बंद व्हावेत म्हणून जॅकमध्ये एक बारीक स्विच असतो. तो गंजून अडकला की हेडफोन कायम लावलेलाच आहे, अशी चिपची समजूत होते. जॅक रिकामा ठेवून टर्मिनलमध्ये 'एमिक्सर' ही आज्ञा डॅश सी, खऱ्या कार्डाचा क्रमांक आणि 'कंटेन्ट्स' हा शब्द लावून चालवा. 'हेडफोन जॅक'पुढे 'ऑन' आलं तर चोर सापडला. 'अल्सामिक्सर'मध्ये 'ऑटो-म्यूट मोड' असेल तर तो 'डिसेबल्ड' करा, स्पीकर बहुधा लगेच बोलतात. फुकटात भागणारा हा उपाय आधी करावा, आणि नुसते स्पीकर हवे असतील तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

जॅकच हवा असेल तर मशीन बंद करून, चार्जर काढून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा. प्लगला थोडंसं लावून आठ-दहा वेळा आत-बाहेर करा आणि पूर्ण वाळू द्या. खोबरेल तेल नको. त्याला धूळ चिकटते. जॅकच्या आतल्या पत्र्या हिरव्या पडल्या असतील तर सफाई फार दिवस टिकत नाही.

अशा वेळी यूएसबी कार्ड सरळ जिंकतं. त्यात स्वतःची चिप आणि नवे जॅक असतात, लिनक्सचा यूएसबी ऑडिओ ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो आणि वेगळं फर्मवेअर सहसा लागत नाही. मात्र लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर ते जिवंत करत नाही, हे ध्यानात ठेवा. दोन जॅकचं कार्ड घेतलंत तर मोबाइलच्या चार पट्ट्यांच्या हेडसेटचा माइक स्प्लिटरशिवाय चालणार नाही. स्वस्त कार्डाच्या माइकला सूंऽऽ आवाज येतो, तेव्हा भजन रेकॉर्ड करायचं असेल तर थोडं वरचं घ्या. गंजणार तेही आहे. वापर झाला की सिलिका जेलच्या पुडीसोबत झाकणबंद डब्यात टाका.

गणपतीत लॅपटॉप अॅम्प्लिफायरला जोडल्यावर येणारी घरघर मात्र दोन्ही पर्यायांत येऊ शकते. चार्जर काढताच ती थांबली तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे, आणि यूएसबीच्या तारेतूनही तोच ग्राउंड पुढे जातो. मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अर्थची पिन मोडायचा गावठी उपाय पावसाळ्यातल्या ओल्या मंडपात जिवावर बेतेल.

ब्लूटूथ गाणी ऐकायला ठीक. माइक चालू झाला की आवाज फोनसारखा मोनो होतो, आणि उशीर इतका की पेटीसोबत रेकॉर्डिंग विसरा.

लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर असाल तर 'डेव्ह' फोल्डरमधली 'एसएनडीस्टॅट' फाइल वाचा. एचडीएमआय डिफॉल्ट झालं असेल तर 'सिसकटीएल' या आज्ञेने डिफॉल्ट युनिटचा क्रमांक बदलला की पुरतं. कार्ड मागवू नका.